ताईचं उघडं पान

१

भावोजींनी हेडफोन कानांवर चढवला, डावा हात माउसवर ठेवला, रोजच्या जागी नेऊन बटण दाबलं आणि मान किंचित वाकडी करून वाट पाहत बसले. मग पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

"अगं ए," त्यांनी हाक मारली, "आवाज येत नाहीये."

"डोळ्यांबरोबर कानही दाखवून घ्यायला हवे होते," मावशी चपला काढता काढता म्हणाली. दोघं आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतली होती. भावोजींच्या डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धुक्यात. पण इथे त्यांना दिसायची गरज नव्हती. ते बटण कुठे आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

मावशी पडद्याजवळ गेली. पडद्यावर एक कोरं पांढरं पान होतं, मधोमध शोधायची चौकट आणि वर एकुलता एक टॅब. सकाळपर्यंत त्या पट्टीवर टॅबांची इतकी दाटी होती की एकेकाचं नुसतं नाक दिसायचं.

"काय दिसतंय?" भावोजींनी विचारलं.

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "पान बंद झालंय, भावोजी. सगळीच पानं गेलीत."

भावोजींनी हेडफोन कानांवरून काढला नाही.

ताई, म्हणजे भावोजींची बायको आणि मावशीची थोरली बहीण, गेल्या थंडीत गेली. तिची एक खोड होती. उघडलेलं पान ती कधी बंद करायची नाही. "बंद केलं की मग कुठे शोधत बसू? उघडं असलं की हाताशी असतं," असं तिचं म्हणणं. त्यावरून घरात सगळ्यांनी तिची भरपूर टिंगल केली होती. दवाखान्यात जायच्या आधी तिने एका साइटवर नातीसाठी मुंगीच्या छत्रीची गोष्ट बोलून ठेवली. ही गोष्ट मुळात मावशीची. लहानपणी ढग गडगडले की धाकटी रडायची, म्हणून ताईने ती रचलेली. गोष्ट बोलून झाली, पण जतन करायची राहिली. पानावर लाल अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं: हे रेकॉर्डिंग जतन केलेलं नाही, पान बंद केल्यास नष्ट होईल.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर बंद झाला नव्हता. वीज गेली तरी चालावा म्हणून त्याला बॅटरीचा डबा जोडला होता. भावोजी रोज संध्याकाळी ऐकायचे, एकटेच. जतन करून घ्या म्हटलं की विषय बदलायचे. मावशीने किती वेळा विनवलं होतं, मलाही ऐकू द्या. शेवटी आज रिक्षातून येताना ते कबूल झाले होते. "आज ऐकवतो तुला. पण गोष्ट संपेपर्यंतच हं. पुढचं नाही."

"पुढे काय, नवराबायकोचं गुपित?" तिने चिडवलं होतं.

आता ते गुपितही गेलं आणि गोष्टही. बहिणीचा आवाज ऐकायला ती इतकी आसुसली होती, आणि दोनचार तासांनी हुकला. मावशीने डोळे पुसले आणि पदर खोचला. हे आपोआप झालेलं नाही, एवढं तिला तिथल्या तिथे कळलं होतं.

२

मावशीची अख्खी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर गेली. घरात तिला चौकशीमावशीच म्हणत. लोक यायचे आणि छातीठोकपणे सांगायचे, मी काही केलं नाही, फोन आपोआप बंद पडला. मग अर्ध्या तासाने कबूल व्हायचं की फोनवर पाण्याचा तांब्या सांडला होता. मावशीचा त्यावरून एक सिद्धांत झाला होता: आपोआप म्हणजे कुणीतरी.

ती ताईच्या खुर्चीवर बसली. माउस उजवीकडे घेतला, दाबला, तर भलतीच यादी उघडली.

"हा ताईचा उलटा माउस!" ती पुटपुटली. ताई डावखुरी. भाच्याने, म्हणजे ताईच्या मुलाने, कधीकाळी आईसाठी माउसची दोन्ही बटणं सेटिंगमधून आलटून पालटून दिली होती. पुढे भावोजीही तोच उलटा माउस शिकले. मावशीने तो पुन्हा डावीकडे ठेवला आणि जीभ चावत चावत काम सुरू केलं.

पहिली शंका मशीनवर घ्यायची, हा तिचा नियम. रात्रंदिवस चालणारं यंत्र, आलं असेल अपडेट, झालं असेल बंद होऊन चालू. तिने कोरी खिडकी बाजूला सारली. मागे ताईचा पत्त्यांचा डाव तसाच अर्धवट पसरलेला होता, बदामाची राणी वाट पाहत. मशीन बंद होऊन चालू झालं असतं तर हा डाव उरला नसता. म्हणजे मशीनने काही केलेलं नाही.

दुसरी शंका, कुणाचा तरी धक्का लागला असेल. पण तेही जमेना. भावोजींचा हात एकदा असाच घसरला होता, तेव्हा त्या पानाने आडवं येऊन विचारलं होतं. जतन न केलेलं जाईल, निघायचं का? खाली दोन बटणं, 'निघा' आणि 'थांबा'. भावोजींनी घामाघूम होऊन 'थांबा' दाबलं होतं आणि मग आठवडाभर सगळ्यांना बजावलं होतं. तेव्हा आज ज्याने कुणी पान बंद केलं, त्याला पानाने नक्की विचारलं असणार. आणि त्याने 'निघा' दाबलं.

हे कुणीतरी जाणूनबुजून केलं होतं.

तरी आशा वेडी असते. ब्राउझरच्या कोपऱ्यातली यादी उघडून तिने नुकतीच बंद झालेली खिडकी परत मागवली. ताईचे टॅब एकामागून एक हजर झाले. मांजराला ताप येतो का. आवळा कशाशी खाऊ नये. चंद्रावर झेंडा हलतो कसा. मावशीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. मग ते पान आलं. त्यावर लिहिलं होतं: नवीन रेकॉर्डिंग सुरू करा. बाकी काही नव्हतं.

त्याच्या शेजारच्या टॅबवर ती थबकली. अख्ख्या पानावर कुकीजच्या परवानगीचा फलक आडवा पसरला होता, त्यावर जाहिरात, जाहिरातीवर 'आमचे सदस्य व्हा'. फुली कुठे आहे ते शोधताना मावशीचं डोकं उठलं. एकेक पडदा बाजूला सारल्यावर खालचा मजकूर दिसला. प्रश्न होता, रेकॉर्डिंग जतन कसं करावं. उत्तर एका ओळीचं: खाली बाण असलेलं बटण दाबा.

ताईला ते पडदे बाजूला सारता आले नव्हते. उत्तर हाताच्या अंतरावर होतं आणि ते न वाचताच ती गेली.

मावशीने ती ओळ पुन्हा वाचली. ताई आयुष्यात कधी मशीनला काही विचारायला जायची नाही. आधी घरातल्या माणसाला विचारायची. मशीनकडे जायची ती माणूस नाही म्हणाला की मगच.

३

"मी हात नाही लावला त्या पानांना," भाच्याची बायको, भावोजींची सून, म्हणाली. ती नुकतीच मुलीला शाळेतून घेऊन आली होती आणि दप्तर हातात घेऊन तशीच उभी होती.

"मी कुठे म्हणतेय लावलास?"

"सगळ्यांना तेच वाटणार. मागच्या आठवड्यात मीच बोलले ना, ते मशीन किती दिवस घरघरत ठेवायचं म्हणून. बोलले मी, मावशी. डोकं दुखत होतं, बोलून गेले. पण म्हणून आईंचा आवाज पुसेन का मी?"

मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "सकाळपासून काय काय झालं ते सांग बघू."

भावोजी आणि मावशी बाहेर पडल्यावर दुरुस्तीवाला आला होता. पंखा घरघर करतो म्हणून भाच्यानेच त्याला पाठवलं होतं, बंद न करता धूळ काढ असं बजावून. तो गेल्यावर सुनेचा लॅपटॉप रुसला. ऑफिसची मीटिंग तोंडावर, म्हणून ती हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसली.

"आईंची पानं तशीच होती. मी वेगळी खिडकी उघडली, मीटिंग केली, माझी खिडकी बंद केली, कुलूप लावून शाळेत गेले."

"माउस त्रास नाही देत तो?"

"तो बिघडलेला? छे, मी माझा लॅपटॉपचा लावला. त्याचं उजवं दाबलं तर डावं होतं. किती वेळा ह्यांना म्हटलं, टाकून द्या आता. तर नुसते हसतात." तिने डोळे पुसले. "मी तो बाजूला सारून ठेवला, बस."

मावशी ऐकत राहिली. सून खरं बोलतेय असं तिचं मन सांगत होतं. पण मनाचं काय, मन तर तक्रारीच्या खिडकीवरही दिवसातून दहा वेळा फसायचं.

४

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला वायरींची जाळी, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. मावशीला पाहताच त्याने दोन्ही हात वर केले.

"बाई, मी ते मशीन बंद केलेलं नाही! साहेबांनी चारदा फोन करून सांगितलं होतं. माझा तर एकच इलाज असतो, बंद करा आणि चालू करा. तोच करायचा नाही म्हटल्यावर हातपाय बांधल्यासारखं झालं."

"मग केलंत काय?"

"बाहेरून धूळ काढली. नको त्या चारदोन गोष्टी काढून टाकल्या. पण तो माउस! देवा रे. दाबावं एक, व्हावं भलतंच. माझं डोकंच फिरलं. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन सुलटा केला आणि उजवीकडे ठेवला, तेव्हा कुठे काम झालं."

मावशी उठायच्या बेतात होती, ती परत बसली. "सुलटा केलात?"

"हो. चुकलं का काही?"

"जाताना परत उलटा केला होतात?"

"कशाला? नीट झालेली वस्तू कोण बिघडवतं?"

सून गेल्यावर घराला कुलूप होतं. भावोजींनी परत आल्या आल्या डावा हात ठेवला तो उलट्या माउसवर. तिने स्वतः दाबून पाहिला होता. म्हणजे दुरुस्तीवाला गेल्यानंतर कुणीतरी तो पुन्हा उलटा करून, पुन्हा डावीकडे ठेवला होता.

सुनेने केलं नसतं. तिला तो माउस बिघडलेला वाटत होता. नीट झालेला पाहिला असता तर ती खूश झाली असती. हे ज्याने केलं त्याला ठाऊक होतं की संध्याकाळी एक म्हातारा माणूस डोळ्यांत थेंब घालून येणार आहे, आणि तो चाचपडत डाव्या हाताने तिथेच बटण दाबणार आहे. त्याचं अडू नये म्हणून ती सोय केलेली होती.

ज्याने बापाचा ठेवा मोडला, त्यानेच बापाची सोय केली होती. असा माणूस त्या घरात एकच होता.

५

भाचा गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. ऑफिसातून आल्यापासून तो हॉलमध्ये फिरकला नव्हता.

"अपडेट आलं असेल गं," तो पाठमोराच म्हणाला. "आपोआप होतं असं कधीकधी."

"दुपारी कुठे होतास?"

"ऑफिसात. कुठे असणार?"

"मग माउस कुणी उलटा केला?"

त्याच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो उचलायला वाकला आणि तिथेच फरशीवर बसला. मावशीही गुडघे धरत शेजारी बसली. एवढा मोठा बाप्या, पण बसला होता तो लहानपणी काच फोडल्यावर बसायचा तसा.

"मी जतन करायला आलो होतो, मावशी," तो म्हणाला. "शप्पथ. तो दुरुस्तीवाला काहीतरी घोळ घालेल म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं जाऊन एकदाचं करून टाकू. बाबांना कळूही द्यायचं नाही. एक बटण तर दाबायचं होतं."

"मग?"

"म्हटलं आधी नीट वाजतंय का बघू. गोष्ट ऐकली. मुंगीला छत्री मिळते तिथे आई हसते ना, तिथे मीही हसलो. गोष्ट संपली. पण आई बंद करायला विसरली होती. रेकॉर्डिंग पुढे चालूच. मग आई हाक मारते. 'अरे, हे ठेवायचं कसं, बघतोस का जरा?' आणि मग मी. माझा आवाज. 'आई, शंभर वेळा सांगितलंय तुला! एक गोष्ट लक्षात राहत नाही? आता वेळ नाहीये मला. कशालाही हात लावू नकोस, तसंच राहू दे, मी बघतो नंतर.'"

मावशीने डोळे मिटून घेतले. ताईने तसंच राहू दिलं होतं. मुलाने सांगितलं म्हणून.

"मला आठवतही नव्हतं," भाचा म्हणाला. "असं मी रोजच बोलायचो. त्यातलंच एक. पण ते ऐकताना... मी इतकं घाणेरडं बोलतो, मावशी? बाबा रोज गोष्ट ऐकतात, एक दिवस पुढचं ऐकतील, एवढंच डोक्यात आलं. मला पुढे ऐकवेना. पान बंद केलं. त्याने विचारलं, निघा की थांबा. निघा दाबलं. मग सगळंच बंद केलं, दोष मशीनवर जावा म्हणून."

"अरे गाढवा, शेवटचं तेवढं कापता आलं असतं!"

"सुचलं नाही."

"माझी बहीण होती रे ती!" मावशीचा बांध फुटला. "तो तिचा आवाज होता. मी एकदाही ऐकला नव्हता. एकदाही नाही!" तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्याच हाताने त्याला जवळ ओढलं. दोघं रडत राहिली.

६

"त्याला रागावू नकोस," दारातून आवाज आला.

भावोजी चौकट धरून उभे होते. डोळे अजून लाल, नजर दोघांच्या मधेच कुठेतरी. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"बाबा..."

"मी रोज ऐकायचो, शेवटपर्यंत," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

भाच्याने वर पाहिलं. मावशीलाही उलगडा झाला तो तेव्हा. गोष्ट संपेपर्यंतच हं, पुढचं नाही.

"म्हणूनच तुम्ही कुणाला जतन करू देत नव्हतात?" तिने विचारलं.

"जतन करायचं म्हणजे ह्यालाच सांगायचं. हा करायला बसला की ऐकणार. ऐकलं की जन्मभर मनाला लावून घेणार. त्यापेक्षा म्हटलं राहू दे उघडं. मशीन जगेल तोवर जगेल." ते भिंत चाचपत पुढे आले. मुलाने उठून हात दिला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. तो हात भावोजींनी सोडला नाही. "तू कुठपर्यंत ऐकलंस?"

"माझ्या ओरडण्यापर्यंत."

"अरेरे," भावोजी म्हणाले. "म्हणजे ऐकायचं ते राहूनच गेलं की."

गॅलरीत आता सूनही येऊन उभी राहिली होती. कुणी दिवा लावला नव्हता.

"तू ओरडतोस. मग जरा वेळ काहीच नाही, नुसता पंखा. मग ती बोलते, स्वतःशीच. 'ओरडला बघा. सकाळपासून पोटात काही नसणार त्याच्या. भूक लागली की असाच करतो, लहानपणापासून.' मग हसते. माहितीये ना, नाकातून हसायची तसं. मग खुर्ची सरकते. तिची पावलं. आणि मग लांबून, स्वयंपाकघरातून हाक: 'अरे, दोन घास खाऊन तरी जा!'" भावोजी थांबले. "आणि मग दार लागतं. तू गेलेला असतोस."

ते त्यांनी तिच्याच सुरात म्हटलं होतं. 'अरे' लांबवून, 'तरी'वर जोर देऊन. म्हाताऱ्याच्या फाटक्या आवाजातून एवढा वेळ ताईच बोलत होती, आणि यापुढे ती एवढ्याच एका ठिकाणी शिल्लक होती.

"पुन्हा सांगा, बाबा," भाचा म्हणाला.

भावोजींनी पुन्हा सांगितलं. पंखा, हसणं, खुर्ची, पावलं. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ती हाक आली तेव्हा भाच्याने बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं.

"नव्हतो जेवलो," तो म्हणाला. "आई, नव्हतो गं जेवलो मी त्या दिवशी."

शेवटी मावशीनेच नाक ओढलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गॅलरीतला दिवा लावला.

"ऊठ," ती त्याला म्हणाली. "दोन घास वाढते, खाऊन घे."